जुन्या साउंड कार्डांची परीक्षा

जुन्या पीसीच्या साउंड कार्डात आवाज तीन थरांतून घडतो. तळाशी चिप असतात: कुणी सूर तयार करते, कुणी आकड्यांचे विद्युतलहरींत रूपांतर करते, कुणी पातळी कमीजास्त करते. त्यांच्या वर फर्मवेअर असते, म्हणजे कार्डावरच्याच छोट्या प्रोसेसरसाठी लिहिलेला आणि बहुधा कारखान्यातच चिपमध्ये कायमचा कोरलेला प्रोग्रॅम. सर्वांत वर ड्रायव्हर. तो संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर चालतो आणि गेमचे किंवा ऑपरेटिंग सिस्टिमचे म्हणणे कार्डाला कळेल अशा आज्ञांत मांडतो. कार्ड गप्प बसले, चरचरले किंवा एखादा सूर अडकून राहिला, तर दोष यांपैकी कोणत्याही थरात असू शकतो आणि कानाला मात्र तो सारखाच ऐकू येतो. म्हणून तपासणीची सगळी रीत एका तत्त्वावर उभी आहे: एका वेळी एकाच थराला प्रश्न विचारायचा, आणि खालचा थर उत्तीर्ण झाल्याशिवाय वरच्याकडे जायचे नाही.

यात आणखी एक पेच आहे. या कार्डांसाठी लिहिलेले गेम त्यांच्या माहितीपुस्तिकेबरहुकूम चालत नाहीत, ते प्रत्यक्षातल्या कार्डाबरहुकूम चालतात. कार्डात एखादी खोड असेल, तर प्रोग्रॅमरने ती गृहीत धरलेली असते. त्यामुळे येथे ‘बरोबर’ या शब्दाचा अर्थ ‘मूळ कार्ड जसे वागत असे तसे’ असाच घ्यावा लागतो, त्या वागण्यातल्या चुकांसकट.

कार्डांची पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख

१९८१ च्या आयबीएम पीसीत आवाजासाठी फक्त एक लहान स्पीकर होता. इंटेलच्या ८२५३ या टायमरच्या एका चॅनेलवर तो चाले आणि एका वेळी एकच सूर काढी. १९८७ मध्ये कॅनडातल्या क्वेबेकच्या ॲडलिब कंपनीने यामाहाची वायएम३८१२ ही चिप असलेले कार्ड आणले. ओपीएल२ या नावाने ओळखली जाणारी ही चिप एफएम पद्धतीने एकाच वेळी नऊ सूर वाजवी. १९८८ च्या ‘किंग्ज क्वेस्ट ४’ या गेमने अशा कार्डांना आधार दिला आणि पीसीवरच्या गेमचे संगीत बदलले. मात्र ध्वनिमुद्रित आवाज वाजवण्याची सोय ॲडलिबमध्ये नव्हती.

ती सिंगापूरच्या क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीने १९८९ मध्ये साउंड ब्लास्टरमधून दिली. सिम वाँग हू यांच्या या कंपनीने ओपीएल२ तर ठेवलीच, शिवाय इंटेलच्या ८०५१ घराण्यातला एक मायक्रोकंट्रोलर बसवला आणि त्याला ‘डीएसपी’ म्हटले. गणिती प्रक्रिया करणारा सिग्नल प्रोसेसर तो नव्हता. संगणकाकडून आज्ञा घ्यायच्या आणि स्मृतीतून येणारे आकडे वेळेवर पुढे ढकलायचे, एवढेच त्याचे काम. पण याच मायक्रोकंट्रोलरमधला प्रोग्रॅम पुढच्या सगळ्या सुसंगतीचा पाया ठरला. १९९१ च्या साउंड ब्लास्टर प्रोमध्ये स्टिरिओ आला, १९९२ च्या साउंड ब्लास्टर १६ मध्ये १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ, तर १९९४ च्या एडब्ल्यूई३२ मध्ये खऱ्या वाद्यांचे नमुने वाजवणारी ईएमयू८००० ही चिप. कॅनडातल्याच ॲडव्हान्स्ड ग्रॅव्हिस कंपनीने १९९२ मध्ये अल्ट्रासाउंड हे वेगळ्या विचाराचे कार्ड काढले. त्यात वाद्यांचे नमुने कार्डावरच्या स्मृतीत भरावे लागत आणि जीएफ१ ही चिप ३२ सुरांपर्यंत मिश्रण करी.

प्रत्येक नवे कार्ड मागच्याशी सुसंगत असल्याचे सांगितले जाई, पण ती सुसंगती पूर्ण नसे. साउंड ब्लास्टर १६ वर साउंड ब्लास्टर प्रोसाठी लिहिलेला स्टिरिओ आवाज एकाच वाहिनीचा होऊन ऐकू येतो, याचे कारण हेच. अशा गोष्टी परीक्षकाला आधी ठाऊक असाव्या लागतात. नाहीतर धडधाकट कार्ड नापास ठरते.

यंत्राची मांडणी

तपासणीसाठी, ही कार्डे ज्यात बसतात तो आयएसए स्लॉट असलेला मदरबोर्ड लागतो. ४८६ किंवा पहिल्या पेंटियमच्या काळातला सोयीचा. २००० च्या दशकाच्या आरंभी नव्या मदरबोर्डांतून हे स्लॉट जवळजवळ नाहीसे झाले. वीजपुरवठ्याकडेही पाहावे लागते. काही जुनी कार्डे उणे ५ व्होल्टवर अवलंबून असतात आणि नव्या एटीएक्स पुरवठ्यांतून तो व्होल्टेज काढून टाकलेला आहे. असे कार्ड ‘मेलेले’ वाटते, प्रत्यक्षात त्याला वीजच पुरती मिळत नसते. कार्ड बसवण्यापूर्वी इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर फुगले किंवा गळले नाहीत ना, सोनेरी संपर्कपट्ट्या स्वच्छ आहेत ना आणि जंपर कुठे बसवले आहेत, हे पाहून छायाचित्र घेऊन ठेवतात.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणून आधी साधा डॉस, तोही काहीही अधिकचे न चढवता. ईएमएम३८६ सारखा स्मृती-व्यवस्थापक प्रोसेसरला वेगळ्या अवस्थेत नेतो आणि प्रोग्रॅमला दिसणारे पत्ते प्रत्यक्ष स्मृतीच्या पत्त्यांहून वेगळे करतो. साउंड कार्डाला आकडे पुरवणारा डीएमए कंट्रोलर मात्र प्रत्यक्ष पत्तेच ओळखतो, त्यामुळे मध्ये भाषांतर करावे लागते. म्हणून प्रत्येक चाचणी आधी स्मृती-व्यवस्थापकाशिवाय आणि मग त्याच्यासह करतात. दोन निकालांत फरक पडला, तर कार्ड निर्दोष असण्याची शक्यता अधिक.

पहिला प्रश्न: कार्ड तेथे आहे का?

पुढे येणारे पोर्टचे, रजिस्टरांचे आणि आज्ञांचे आकडे षोडशमान पद्धतीतले आहेत. त्यात दहा ते पंधरासाठी ए ते एफ ही अक्षरे येतात.

ॲडलिबची ओळख पटवण्याची रीत चलाख आहे. या कार्डाला ‘तू कोण’ असे विचारण्याची आज्ञाच नाही. पण ओपीएल२ मध्ये दोन टायमर आहेत. पोर्ट ३८८ मधून टायमर थांबवून शून्यावर आणायचे आणि स्थिती वाचायची. मग पहिला टायमर सुरू करून ८० मायक्रोसेकंद थांबायचे आणि पुन्हा वाचायची. वरचे तीन बिट पहिल्या वेळी शून्य आणि दुसऱ्या वेळी सी० आले, तर तेथे ओपीएल आहे. गेमांनी हीच रीत वापरली, म्हणून ती तपासणीतही पहिली येते.

येथेच वेळेचा प्रश्न उभा राहतो. ओपीएल२ ला रजिस्टरचा क्रमांक दिल्यावर ३.३ मायक्रोसेकंद आणि मूल्य दिल्यावर २३ मायक्रोसेकंद उसंत द्यावी लागते. ॲडलिबने सुचवलेला उपाय असा, की स्थितीचे पोर्ट अनुक्रमे ६ आणि ३५ वेळा वाचावे. आयएसए बसवरच्या प्रत्येक वाचनाला वेळ लागतोच. काही प्रोग्रॅमरांनी त्याऐवजी प्रोसेसरला रिकाम्या फेऱ्या मारायला लावल्या. त्या काळच्या यंत्रावर ते चालून गेले, पेंटियमवर त्या फेऱ्या क्षणात संपतात आणि सूर गळतात किंवा कार्ड सापडतच नाही. म्हणून हा तपास दोन वेगांवर करतात: एकदा प्रोसेसरची कॅश चालू ठेवून, एकदा बंद करून. कॅश बंद केल्यावर आवाज सुधारला, तर दोष ड्रायव्हरच्या घड्याळात आहे.

साउंड ब्लास्टरच्या डीएसपीसाठी वेगळी रीत आहे. मूळ पोर्ट बहुधा २२० असते. २२६ वर १ लिहायचा, किमान ३ मायक्रोसेकंद थांबायचे, मग ० लिहायचा. २२ई चा सर्वांत वरचा बिट १ झाला, की २२ए वाचायचे. उत्तर एए आले पाहिजे. हे उत्तर चिप देत नाही, चिपमधला प्रोग्रॅम देतो. म्हणजे एए मिळाले, की पत्ता बरोबर आहे, मायक्रोकंट्रोलर जिवंत आहे आणि त्याचे फर्मवेअर चालू आहे, या तिन्ही गोष्टी एकदम सिद्ध होतात.

प्लग अँड प्ले कार्डांत याच्याही आधी एक पायरी येते. इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत कार्डावर जंपर नसतात. त्याची ओळख आणि त्याला चालणारे पत्ते एका ईईप्रॉममध्ये लिहिलेले असतात. संगणक ठराविक ३२ बाइटांची किल्ली पाठवून सर्व कार्डांना जागे करतो आणि ७२ बिटांच्या ओळख-क्रमांकावरून एकेकाला वेगळे काढतो. त्यातले शेवटचे ८ बिट पडताळणीचे असतात. ते जुळले नाहीत, तर ईईप्रॉम बिघडले आहे असे समजते आणि आवाजाच्या चिपांवर संशय घेण्याचे कारण उरत नाही.

डीएसपीशी संवाद

डीएसपी जागा असल्याचे कळल्यावर त्याची उलटतपासणी सुरू होते. आज्ञा देण्यापूर्वी २२सी चा वरचा बिट ० होईपर्यंत थांबायचे. घाई केली तर आज्ञा हरवते. ई१ ही आज्ञा फर्मवेअरची आवृत्ती सांगते: १.x असेल तर पहिला साउंड ब्लास्टर, २.x असेल तर दुसरा, ३.x असेल तर प्रो, ४.x असेल तर साउंड ब्लास्टर १६ किंवा त्याचे वंशज. ई० ही आज्ञा देऊन कोणताही बाइट पाठवला, की त्याचा प्रत्येक बिट उलटा होऊन परत येतो. एए पाठवला तर ५५. ई४ ने एका चाचणी-रजिस्टरात मूल्य लिहिता येते आणि ई८ ने परत वाचता येते. शून्यापासून २५५ पर्यंतचे सगळे बाइट या दोन्ही मार्गांनी फिरवले, की संगणक आणि डीएसपी यांच्यातला रस्ता धड आहे की नाही ते कळते.

मग इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरचे लक्ष वेधण्यासाठी कार्डाने दिलेली हाक. एफ२ ही आज्ञा दिली, की डीएसपी लगेच इंटरप्ट उठवतो. चाचणीचा प्रोग्रॅम सर्व संभाव्य इंटरप्टांवर आपला पहारा बसवून ठेवतो आणि कोणता वाजला ते पाहतो. पूर्वीच्या कार्डांचा नेहमीचा इंटरप्ट ७ होता आणि प्रिंटरचे पोर्टही तोच वापरी. पुढे ५ रूढ झाला. साउंड ब्लास्टर १६ मध्ये मिक्सरची, म्हणजे पातळी कमीजास्त करणाऱ्या चिपची, ८० आणि ८१ ही रजिस्टरे वाचून कार्डाला स्वतःला कोणता इंटरप्ट आणि कोणता डीएमए दिलेला आहे तेही पाहता येते. कार्ड म्हणते एक आणि पहाऱ्यावर वाजतो दुसरा, असे झाले तर गोंधळ मदरबोर्डच्या मांडणीत आहे.

सर्वांत कसोटीचा भाग डीएमएचा. ध्वनीचे आकडे प्रोसेसरला न विचारता स्मृतीतून थेट कार्डाकडे जातात. ८२३७ या जुन्या कंट्रोलरच्या मर्यादा येथे आड येतात: ८ बिटांच्या चॅनेलवर एक हस्तांतर ६४ किलोबाइटांची सीमा ओलांडू शकत नाही आणि पहिल्या १६ मेगाबाइटांपलीकडची स्मृती त्याला दिसतच नाही. ड्रायव्हरची परीक्षा घेताना मुद्दाम सीमेला चिकटलेले, एका बाइटाचे आणि विषम लांबीचे तुकडे दिले जातात. पहिल्या साउंड ब्लास्टरच्या फर्मवेअरमध्ये प्रत्येक तुकड्यानंतर नवी आज्ञा द्यावी लागे, त्यामुळे सांध्यावर टिचकी ऐकू येई. डीएसपी २.० पासून तुकडा आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला आणि अखंड आवाज शक्य झाला. टिचकी आली तर आधी हे पाहायचे, की ड्रायव्हर कोणती पद्धत वापरतो आहे.

वेगाचे गणितही तपासावे लागते. डीएसपी ४ च्या आधीच्या आवृत्त्यांना नमुन्यांचा वेग थेट सांगता येत नाही. २५६ मधून ‘दहा लाख भागिले वेग’ वजा करून येणारा एक बाइट द्यावा लागतो. २२,०५० हर्ट्झ मागितले, तर पूर्णांकात बसवताना प्रत्यक्षात २२,२२२ मिळतात. एक मिनिटाचा आवाज जवळजवळ अर्धा सेकंद आधी संपतो. चित्रासोबत चालणाऱ्या आवाजात हा फरक जाणवतो, पण तो दोष नाही. मूळ कार्डाचा तो स्वभाव आहे आणि हुबेहूब नक्कल करणाऱ्याने तोही उतरवला पाहिजे.

फर्मवेअर बदलता येत नाही तेव्हा

साउंड ब्लास्टर १६ च्या मिडी पोर्टची, म्हणजे सिंथेसायझरकडे सुरांच्या आज्ञा नेणाऱ्या मार्गाची, कथा फर्मवेअर-तपासणीचा आदर्श नमुना आहे. या कार्डावर वेव्ह ब्लास्टरसारखे जोडकार्ड किंवा बाहेरचा सिंथेसायझर लावून गेम चालवला, की एखादा सूर सुरू होतो आणि थांबतच नाही. ‘सूर बंद कर’ हा मिडी संदेश वाटेत हरवलेला किंवा बिघडलेला असतो. डीएसपी हा एकच मायक्रोकंट्रोलर ध्वनिमुद्रित आवाजही सांभाळतो आणि मिडीही, त्यामुळे दोन्ही कामे एकदम आली की ओढाताण होते. ४.११, ४.१२ आणि ४.१३ या आवृत्त्या यासाठी कुप्रसिद्ध आहेत; ४.१६ मध्ये हा दोष आढळत नाही. फर्मवेअर चिपमध्ये कोरलेले असल्याने वापरणाऱ्याला ते बदलता येत नाही. म्हणून चाचणी अशी आखतात: नुसते मिडी वाजवायचे, मग नुसता ध्वनिमुद्रित आवाज, मग दोन्ही एकत्र, आणि हेच वेगवेगळ्या वेगाच्या प्रोसेसरांवर. केवळ तिसऱ्या पायरीवर सूर अडकले, तर ड्रायव्हरमध्ये शोध घेण्यात अर्थ नाही.

रोलंड एमटी-३२ हे १९८७ चे बाह्य यंत्र असले, तरी त्याच्या फर्मवेअरचा धडा कार्डांनाही लागू पडतो. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्तीला लांबलचक संदेश पाठोपाठ पाठवले, की तिचा साठा भरून वाहतो आणि यंत्राच्या पडद्यावर चूक झळकते. त्या काळच्या मंद पीसीवर हे घडत नसे. वेगवान पीसीवर घडते. इलाज एकच, ड्रायव्हरने संदेशांच्या मध्ये थांबणे. उलट काही गेम या जुन्या आवृत्तीच्या खोडींवरच बेतलेले आहेत आणि नव्या यंत्रावर ते वेडेवाकडे वाजतात.

दुसऱ्या जातीच्या कार्डांत फर्मवेअर कोरलेले नसते. दर वेळी ड्रायव्हरच ते कार्डावर चढवतो. १९९२ च्या टर्टल बीच मल्टिसाउंडवर मोटोरोलाचा ५६००१ हा खरा सिग्नल प्रोसेसर होता आणि त्याचा प्रोग्रॅम फाइलमधून येई. साउंड ब्लास्टर १६ च्या काही कार्डांवरची एएसपी ही जास्तीची चिप, यामाहाची पीसीआय कार्डे आणि ईएसएसची मेस्ट्रो३ यांचेही तसेच. अशा कार्डांची तपासणी नेहमी वीज पूर्ण तोडून करावी लागते. संगणक नुसता पुन्हा सुरू केला, तर आधीच्या ड्रायव्हरने चढवलेले फर्मवेअर कार्डात शिल्लक राहू शकते, आणि नवा ड्रायव्हर काहीही न चढवता उत्तीर्ण झाल्याचा भास होतो. फाइल गायब असेल, अर्धवट असेल किंवा वेगळ्या कार्डाची असेल, तर ड्रायव्हर नीट नकार देतो की यंत्र गोठवतो, हेही याच वेळी पाहतात.

ड्रायव्हरांचे तीन प्रांत

डॉसमध्ये ध्वनीसाठी सामाईक ड्रायव्हर नव्हता. प्रत्येक गेम स्वतःचा ड्रायव्हर आणी किंवा माइल्ससारख्या तयार ध्वनिसंचातून घेई, आणि कार्डाचा पत्ता ब्लास्टर या पर्यावरण-चलातून वाचे. ‘ए२२० आय५ डी१ एच५ पी३३० टी६’ या ओळीत पोर्ट, इंटरप्ट, दोन डीएमए, मिडी पोर्ट आणि कार्डाचा प्रकार सामावलेला असतो. चाचणीत ही ओळ बरोबर देऊन पाहतात, काढून टाकून पाहतात आणि मुद्दाम चुकीची देऊनही पाहतात; काही गेम ती न वाचता स्वतःच पोर्ट हुडकतात. अल्ट्रासाउंडचे स्वतःचे वेगळे चल असते, आणि त्या कार्डाचे इंटरप्ट-डीएमए सॉफ्टवेअरने ठरवावे लागतात. त्यात १४ सुरांपर्यंत ४४.१ किलोहर्ट्झ मिळतात. सूर ३२ केले की वेग सुमारे १९.३ किलोहर्ट्झवर उतरतो. हा उतार मोजणे ही त्या चिपची हमखास चाचणी.

विंडोजमध्ये ड्रायव्हर ऑपरेटिंग सिस्टिमचा भाग झाला आणि प्रश्नही बदलले. विंडोज ९५ मध्ये एकाच कार्डावर विंडोजचा प्रोग्रॅम आणि खिडकीतला डॉस गेम दोघे हक्क सांगतात. म्हणून येथे भर असतो तो देवाणघेवाणीवर: गेम बंद झाल्यावर कार्ड विंडोजला परत मिळते का, दोघांनी एकदम मागितल्यास काय होते, ड्रायव्हर काढून पुन्हा घातल्यावर जुन्या नोंदी मागे राहतात का.

लिनक्समधला ध्वनीचा आधार हान्नू सावोलाइनेन यांच्या १९९२ च्या साउंड ब्लास्टर ड्रायव्हरपासून सुरू झाला. आजची अल्सा ही व्यवस्था यारोस्लाव्ह किसेला यांनी १९९८ मध्ये अल्ट्रासाउंडच्या ड्रायव्हरमधून उभी केली. जुन्या आयएसए कार्डांचे ड्रायव्हर तिथे दीर्घकाळ टिकले, आणि त्यातच धोका आहे. कर्नलच्या आतले नियम बदलतात, तेव्हा सगळे ड्रायव्हर एकदम सुधारले जातात. ज्याच्याजवळ कार्डच नाही तो फक्त प्रोग्रॅम संकलित होतो का एवढेच पाहू शकतो. संकलन यशस्वी झाले म्हणजे आवाज आला असे नव्हे. म्हणून प्रत्यक्ष कार्डावर ठराविक क्रमाने फिरावे लागते: मोड्यूल चढवणे, वाजवणे, मुद्रित करणे, दोन्ही एकदम, मिक्सरची प्रत्येक कळ, यंत्र झोपवून उठवणे, मोड्यूल उतरवून पुन्हा चढवणे. चढवण्या-उतरवण्यात राहून गेलेला एखादा इंटरप्ट किंवा डीएमए चॅनेल दुसऱ्या फेरीत हमखास सापडतो.

कान आणि मोजमाप

कानाने टिचकी, अडकलेला सूर आणि उलट्या वाहिन्या लगेच कळतात. बाकीच्यासाठी मोजमाप हवे. कार्डाचा आउटपुट चांगल्या आधुनिक यंत्रात मुद्रित करून त्याचा वर्णपट काढतात. शांतता, पूर्ण पातळीची ज्या-लहर आणि सावकाश चढत जाणारा सूर, एवढे तीन नमुने बरेच काही सांगतात. ८ बिटांत सैद्धांतिक मर्यादा सुमारे ४८ डेसिबल आणि १६ बिटांत सुमारे ९६. प्रत्यक्ष आयएसए कार्डे संगणकातल्या विद्युत गोंगाटामुळे दुसऱ्या आकड्याच्या बरीच खाली राहतात. ८ बिटांचे नमुने साउंड ब्लास्टरवर १२८ हा मध्य धरून बिनचिन्हाचे असतात, १६ बिटांचे बहुधा सचिन्ह. ड्रायव्हरने ही गल्लत केली, तर आवाज ओळखू येतो पण भयंकर फाटतो. ओपीएल चिपचा स्वतःचा वेग ४९,७१६ हर्ट्झ आहे. मोजलेले सूर त्याच्याशी जुळले नाहीत, तर कार्डावरच्या स्फटिकाकडे किंवा नकली चिपकडे पाहावे लागते.

नकला आणि नोंदी

२००२ मध्ये पहिल्यांदा आलेल्या डॉसबॉक्ससारख्या अनुकरण-प्रोग्रॅमांनी या तपासणीला नवे कारण दिले. ओपीएल२ नंतरच्या ओपीएल३ चिपची नक्कल करणारे न्यूक्ड ओपीएल३ हे सॉफ्टवेअर तर चिपचे आवरण काढून, तिच्या आतल्या रचनेची छायाचित्रे अभ्यासून लिहिलेले आहे. त्याचे आउटपुट खऱ्या चिपशी ताडून पाहता येते. स्नार्क बार्कर हे पहिल्या साउंड ब्लास्टरचे खुले पुनर्निर्माण आहे. पिकोगस हे रास्पबेरी पाय पिकोवर आधारलेले आयएसए कार्ड त्याच्याही पुढे जाते. त्याचे फर्मवेअर अल्ट्रासाउंड, ॲडलिब किंवा साउंड ब्लास्टर बनू शकते आणि वापरणाऱ्याला ते बदलताही येते. मूळ कार्डात जे कोरलेले होते ते येथे सुधारण्याजोगे झाले, म्हणून प्रत्येक सुधारणेनंतर जुन्या सगळ्या चाचण्या पुन्हा चालवणे भाग पडते. एका गेमसाठी केलेली दुरुस्ती दुसऱ्याला मोडत नाही, याची खात्री तेवढ्यानेच होते.

तपासणीचा निकाल दुसऱ्या कुणाला पडताळता येईल, तरच त्याला किंमत. त्यासाठी नोंदीत कार्डाचा छापील क्रमांक लागतो, जसे पहिल्या साउंड ब्लास्टर १६ चा सीटी१७४०. प्रमुख चिपांवरची अक्षरे, डीएसपीची आवृत्ती, जंपर, प्रोसेसर आणि त्याचा वेग, ऑपरेटिंग सिस्टिम, ड्रायव्हरची आवृत्ती आणि मुद्रित आवाजाची फाइल हेही लागते. निकालाचे रकाने तीन असतात: उत्तीर्ण, अनुत्तीर्ण, आणि मूळ कार्डाप्रमाणेच सदोष. तिसऱ्या रकान्यात गेलेल्या गोष्टी ड्रायव्हर लिहिणाऱ्याने वळसा घालून टाळायच्या असतात, तर नक्कल करणाऱ्याने जशाच्या तशा ठेवायच्या असतात.